दुष्काळी मदत का अडकते? या चुका टाळा

महाराष्ट्रात दुष्काळ जाहीर होऊनही ज्यांच्या खात्यात मदत पोहोचत नाही, अशा अनेक शेतकऱ्यांचे पीक खरोखरच करपलेले असते. अडचण असते ती सातबारावरील नोंदीत, बँक खात्यात किंवा हुकलेल्या मुदतीत. ती लक्षात येते मदतीची यादी लागल्यावर, आणि तोपर्यंत हंगाम संपलेला असतो.

घोषणा अर्धवट वाचणे

31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्य शासनाने 15 जिल्ह्यांतील 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांपैकी 24 तालुक्यांत तो गंभीर आणि 16 तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा होता. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये, जून ते सप्टेंबर या काळात सरासरीच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण 750 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेल्या इतर महसुली मंडळांत (मंडळ म्हणजे तालुक्यातील काही गावांचा गट) ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर करण्यात आली. हे दोन शब्दप्रयोग ऐकायला सारखे वाटले तरी त्यांचे परिणाम सारखे नाहीत. दुष्काळसदृश मंडळांना जमीन महसुलातील सूट, कर्जवसुलीस स्थगिती यांसारख्या सवलती लागू होतात. पिकाच्या नुकसानीपोटी हेक्टरी मिळणारे निविष्ठा अनुदान (बियाणे, खते यांच्या खर्चापोटीची मदत) त्यासोबत आपोआप येत नाही. म्हणून केवळ बातमीवर विसंबून न राहता आपले गाव कोणत्या मंडळात येते आणि त्या मंडळाचे नाव शासन निर्णयाच्या कोणत्या यादीत आहे, हे स्वतः तपासावे.

पीक पाहणीकडे दुर्लक्ष करणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः मोबाइल ॲपवर आपल्या पिकाची नोंद करणे, 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. पेरणी करूनही नोंद केली नाही, तर सातबारावर ते क्षेत्र पीक नसलेले दिसू शकते, आणि अनुदान तर पेरणी झालेल्या क्षेत्रापुरतेच मिळते. पाऊस ताणला की ‘आता नोंदवायला उरले काय’ असे म्हणून पाहणी सोडून दिली जाते. वास्तविक नुकसानीचा आधार म्हणून नेमकी तीच नोंद लागते. नोंद करताना सिंचनाचे साधनही काळजीपूर्वक निवडावे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या काळातील निकषांनुसार कोरडवाहू पिकांसाठी हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीसाठी 17,000 रुपये आणि बहुवार्षिक पिकांसाठी 22,500 रुपये असा दर होता आणि किमान 33 टक्के नुकसान व कमाल 2 हेक्टर अशी मर्यादा होती. विहिरीवरचा ऊस किंवा डाळिंबाची बाग चुकून कोरडवाहू म्हणून नोंदली गेली, तर फरक किती पडतो हे या आकड्यांवरूनच दिसेल. चूक लक्षात येताच ॲपमध्ये दिलेल्या 48 तासांच्या आत ती दुरुस्त करावी. मुदत टळली असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी) लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

वारसनोंद आणि सामाईक खाते

वडील जाऊन कित्येक वर्षे झाली तरी सातबारा त्यांच्याच नावे असेल, तर मदत कोणाच्या नावे द्यायची हा प्रश्न महसूल कार्यालयापुढे उभा राहतो. जमिनीच्या सामाईक खात्यात एकाच्या नावे रक्कम घ्यायची असल्यास इतर खातेदारांचे संमतीपत्र मागितले जाते. भावकीत बोलणे बंद असेल तर हे कठीण जाते याची मला जाणीव आहे. म्हणूनच वारसनोंद आणि संमती ही कामे यादी लागण्याची वाट न पाहता आधी उरकावीत. शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर तोही याच वेळी काढून घ्यावा.

यादीत नाव, पण खात्यात रक्कम नाही

यादीत नावासमोर एक विशिष्ट क्रमांक असतो. रक्कम सुटण्यासाठी तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठ्याचा ठसा देऊन प्रमाणीकरण करावे लागू शकते. ते करूनही पैसे दिसले नाहीत, तर आधी हे पाहावे की आधार शेवटी कोणत्या बँकेत संलग्न केला होता. रक्कम त्याच खात्यात जाते. पासबुक जिल्हा बँकेचे तपासले जाते आणि पैसे मात्र पूर्वी कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात पडून असतात, असे वारंवार घडते. यादीतील क्षेत्र किंवा नाव चुकीचे असल्यास तहसीलदारांकडे सातबारा आणि पीक पाहणीच्या नोंदीसह लेखी हरकत द्यावी. तोंडी तक्रारीचा पुढे काहीच पुरावा राहत नाही.

विमा आणि अनुदान एकच समजणे

दुष्काळ जाहीर झाला म्हणून पीकविमा मिळेलच असे नाही आणि विमा उतरवला नाही म्हणून अनुदान नाकारले जात नाही. 72 तासांत कळवण्याचा नियम गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीसाठी होता, पावसाच्या दीर्घ खंडासाठी नव्हे. 2025 च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातून (निवडलेल्या शेतातील पीक कापून केलेल्या मोजणीतून) निघणाऱ्या उत्पादनावर ठरते, त्यामुळे आपल्या मंडळातील प्रयोग कोणत्या शेतात आणि कधी आहे याची चौकशी करून तेथे हजर राहणे अधिक उपयोगाचे आहे.

स्थगितीला माफी मानणे

कर्जवसुलीस स्थगिती म्हणजे वसुली थांबते. कर्ज आणि व्याज थांबत नाही. पीककर्जाचे मुदत कर्जात पुनर्गठन करून घेण्यासाठी बँकेत किंवा विकास सोसायटीत वेळेत संमती द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या निर्देशांनुसार नुकसान 33 ते 50 टक्के असल्यास 2 वर्षांपर्यंत आणि त्याहून अधिक असल्यास 5 वर्षांपर्यंत परतफेडीची मुदत देता येत असे. संमती दिली नाही तर खाते थकीत जाऊन पुढच्या हंगामाचे कर्ज अडण्याचा धोका असतो. कृषी पंपाच्या वीजबिलातील 33.5 टक्के सूटही चालू बिलापुरतीच असते, जुन्या थकबाकीला ती लागू होत नाही.

मदतीची रक्कम जमा होताच बँकेने ती कर्जखात्यात वळवली, तर गप्प बसू नये. मदत वाटपाच्या शासन निर्णयांतच अशी वसुली करू नये असे नमूद असते. त्या निर्णयाची प्रत जोडून शाखा व्यवस्थापकाला अर्ज द्यावा आणि त्याची एक प्रत तहसील कार्यालयात व एक सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक किंवा अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातील बँकांचा समन्वय करणाऱ्या बँकेच्या) जिल्हा व्यवस्थापकाकडे द्यावी.