रायफलच्या पुंगळ्या रीसाइझ करताना मान बिघडते ती कुठे? या चुका टाळा

उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरण्याआधी डाय नावाच्या साच्यात दाबून मापाला आणतात, तेच रीसाइझ करणं. गोळी धरणारं अरुंद तोंड म्हणजे मान, तिच्याखालचा उतार म्हणजे खांदा. पुंगळी डायमध्ये रुतून बसली, गोळी मानेत सैल राहिली किंवा मानेला चीर गेली, की सगळा राग डायवर निघतो. डाय बहुतेक वेळा निर्दोष असते. मोजायचं कॅलिपर खणात ठेवून प्रेसचं हँडल दाबत सुटायचं, हे खरं दुखणं. हा सगळा विषय अमेरिकेतल्या हौशी रीलोडिंगचा, म्हणजे घरी काडतुसं पुन्हा भरण्याचा. भारतात काडतुसं तयार करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे तिथे कुणी घरी हात घालू नये. आकड्यांसाठी .३०८ विंचेस्टर हे रायफलीचं काडतूस घेतो.

सगळ्यात महागात पडते ती खांद्याची चूक. डायच्या डबीतला कागद सांगतो की शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) टेकेपर्यंत डाय खाली आणा आणि त्यापुढे आणखी पाव फेरा खाली द्या. अशी पुंगळी कुठल्याही रायफलीत जाईल खरी, पण खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जातो. मग प्रत्येक बाराला पितळ बुडाच्या जरा वर ताणलं जातं, आतून पातळ होतं आणि एक दिवस बूड सुटून धड चेंबरमध्येच (रायफलीतल्या काडतुसाच्या जागेत) राहतं. बोल्ट अ‍ॅक्शनला (दर बाराला हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीला) खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे गेला तरी पुरे. पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोला थोडा जास्त, ०.००३ ते ०.००४. कंपॅरेटर (कॅलिपरला लावून खांद्यापर्यंतची लांबी मोजणारा तुकडा) घ्या, आपल्याच रायफलीतून उडालेली पुंगळी आधी मोजा आणि डाय हळूहळू खाली आणा. जुन्या पुंगळ्यांत पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवा. बुडाजवळ खाच लागली तर ती पुंगळी भंगारात.

वंगणात दोन्ही टोकांची माणसं भेटतात. कोरडी पुंगळी डायमध्ये अशी रुतते की बुडाला भोक पाडून, आटे कापून ती ओढून काढावी लागते. अतिकठीण कार्बाइडची डाय घेतली म्हणून बाटलीसारख्या रायफल पुंगळीला वंगणातून सुटका नाही, हे पिस्तुलाकडून आलेल्यांना उशिरा कळतं. उलट खांद्यावर थबथबून लावलं तर तिथे पोचे पडतात. स्प्रे वापरत असाल तर त्यातलं अल्कोहोल आधी उडू द्या.

मानेच्या आत मात्र हमखास विसरलं जातं. हँडल वर नेताना कर्कश आवाज आला, तर एक्सपँडर बॉल (मान आतून मापाला उघडणारा डायमधला गोळा) कोरड्या मानेतून ओढला जातोय. त्याने मान तिरकी होते, खांदाही पुढे ओढला जातो, म्हणजे मघाशी जुळवलेलं माप गेलंच. आतून अभ्रकाची किंवा ग्रॅफाइटची कोरडी पूड ब्रशने लावली की आवाज थांबतो.

मानेची पकड बाहेरून मोजा. गोळी बसवलेल्या काडतुसाची मान आणि रिकाम्या रीसाइझ केलेल्या पुंगळीची मान यांत साधारण ०.००२ इंचाचा फरक हवा. बुशिंग डाय असेल तर बुशिंग (मानेचं माप ठरवणारी, बदलता येणारी कडी) त्याच हिशेबाने निवडा. फरक नाहीच आणि गोळी बोटाने आत सरकते, तर तसं काडतूस झाडू नका.

लांबीचं माप रीसाइझ झाल्यावरच घ्या, कारण डायमध्ये पितळ पुढे सरकतं. आधी ट्रिम करणाऱ्यांची, म्हणजे मानेचं टोक कापून लांबी कमी करणाऱ्यांची, मेहनत वाया जाते. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, ट्रिम २.००५ ला. मान लांब राहिली तर चेंबरच्या तोंडात चेपून गोळी आवळते आणि दाब धोकादायक चढतो.

बुशिंग बरोबर असूनही पकड दर पुंगळीला वेगळी येत असेल, तर पितळ कडक झालंय. दर वेळी फुगून आणि दबून ते ताठर बनतं, डायमधून निघाल्यावर थोडं परत उघडतं, शेवटी चिरतं. उपाय अ‍ॅनिलिंग, म्हणजे तापवून पितळ मऊ करणं, पण फक्त मान आणि खांदा तापवायचा. बूड मऊ पडलेली पुंगळी बार सहन करत नाही. ती टाकूनच द्या.

चिरांचं दुसरं कारण अमोनिया. ब्रिटिश फौजेने भारतात पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवली आणि ती गोळी आवळलेल्या जागी तडकली. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात उरलेला ताण, ही जोडगोळी १९२१ साली उलगडली. तरी अमोनियावालं पितळ-पॉलिश पुंगळ्यांना चोळणारे आजही आहेत.

एका खेपेतली एक मान चिरली तर बाकीच्या भिंगाखाली बघा. चिरलेली पुंगळी पक्कडीने चेपूनच डब्यात टाका, नाहीतर पुढच्या खेपेला ती चांगल्यांत मिसळून पुन्हा हातात येते.