पूर-इशाऱ्याची तयारी: आधी मे महिन्याचं चित्र उतरवा

लॅपटॉप, नेट, चार्जर हे सांगत बसत नाही. कोपर्निकस (युरोपच्या उपग्रहचित्रांची साइट) आणि मोसडॅक (इस्रोची हवामान-उपग्रहांची साइट) यांवर खाती उघडायची, तीही उन्हाळ्यातच. पावसात लाईट गेली की पासवर्ड आठवत नाही.

आता मुद्द्याचं. मे महिन्याचं रडार चित्र उतरवून ठेवा. सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहाचं. ते ढगांतून बघतं, रात्री बघतं. सेंटिनेल-२ चे रंगीत फोटो जुलैत उघडा, नुसता पिंजलेला कापूस दिसेल. रडारमध्ये संथ पाणी काळं येतं, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर आपटलेल्या लहरी पलीकडे निसटतात, उपग्रहाकडे परतत नाहीत. पण काळं ते सगळं पाणी नव्हे! डांबरी रस्ता काळा, शेततळं काळं, गिरणेच्या पात्रातली कोरडी वाळूसुद्धा काळी. मागच्या खेपेला माझ्याकडे मे महिन्याचं चित्र नव्हतं. ऑगस्टातला काळा पट्टा बघितला आणि गिरणाकाठच्या एका गावात फोन लावला, पाणी चढतंय म्हणून. लोकांनी रातोरात गुरं सोडली, विहिरींवरच्या मोटारी वर काढल्या. सकाळी एका म्हाताऱ्या बाबांनी पात्रातूनच फोन केला, "भाऊ, कोठे शे पानी?" मागे वाळूवरून बैलगाडी चालल्याचा आवाज येत होता. पुढचा इशारा खरा होता. गाव "हो हो" म्हणालं आणि झोपलं.

म्हणून मे महिन्याचं चित्र. तेही त्याच मार्गाचं, त्याच फेरीचं. सकाळची फेरी सकाळच्याच फेरीशी ताडायची. संध्याकाळची घेतली तर रडारचा कोन बदलतो आणि नसते काळे डाग उठतात. मे महिन्यात उजळ होतं आणि आता काळं पडलं, तेवढंच नवं पाणी. रावेर-यावलकडच्यांनी एक ध्यानात ठेवा: केळीच्या दाट बागेत साचलेलं पाणी या रडारला पानांआडून दिसत नाही. तिथे चित्र कोरडं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि या चित्रावर आगाऊ इशारा देता येत नाही. एक उपग्रह त्याच मार्गावर 12 दिवसांनी येतो, पूर कशाला थांबेल? इशारा नदीच्या वरच्या भागात पडलेल्या पावसातून काढायचा. नासाचा आयमर्ग (उपग्रहांवरून काढलेले पावसाचे आकडे) दर अर्ध्या तासाचा पाऊस देतो, साधारण 10 किलोमीटरच्या चौकोनात, चारेक तास उशिरा. इन्सॅटचे ढग मोसडॅकवर. आपल्या गावावरचं आभाळ बघू नका. तापीकाठी असाल तर बैतूल, बऱ्हाणपूर, आणि पूर्णेसाठी अकोला-बुलडाणा. गिरणाकाठी असाल तर कळवण, बागलाण. या आकड्यांची वेळ जागतिक असते, साडेपाच तास मिळवा. मी एकदा मिळवले नव्हते, जाऊ द्या.

तापीवरच्या हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत. किती उघडले ते उपग्रह सांगणार नाही, धरणावर फोन करून विचारा. गिरणा धरणाचंही तेच.

बाकी फोन नंबर कागदावर, बॅटरी, भोंगा. रात्री कोण जागणार ते ठरवा.

मे महिन्याचं चित्र पेनड्राइव्हवरही टाका. जूनमध्ये उतरवू म्हणाल, तर तोवर एखादी सर पडून गेलेली असेल.