आपसूक उगवणारी हंगामी फुले: या चुका टाळा

तेरडा, कॉसमॉस, झिनिया, झेंडू, चिनी गुलाब ही फुलझाडे एका हंगामात आयुष्य संपवतात, पण जाताना पुढच्या पिढीचे बी त्याच मातीत सोडून जातात. तरीही दुसऱ्या वर्षी कित्येकांचा वाफा रिकामा राहतो, आणि बहुतेक वेळा त्याला कारणीभूत ठरते ती आपलीच स्वच्छतेची घाई.

सुकलेली फुले खुडत राहिल्याने नवी फुले येतात, हे खरे आहे. मात्र हंगाम संपेपर्यंत खुडणी चालू ठेवली, तर बी धरायला झाडाला संधीच मिळत नाही. हंगामाचा शेवटचा टप्पा सुरू झाला की खुडणी थांबवावी आणि ज्या झाडांचा रंग व बांधा मनासारखा आहे, ती बियांसाठी राखावीत. पिवळी पडलेली, वाकलेली झाडे डोळ्यांना खुपतात म्हणून उपटू नयेत. तेरड्याचे बोंड पिकले की नुसत्या स्पर्शाने तडकून बी दूरवर उडवते, तर कॉसमॉसचे सुईसारखे बी काळपट झाल्यावर बोट लावताच सुटते. ही अवस्था आल्यावर झाड वाफ्यावरच झटकावे आणि बुंध्याशी कापावे. ज्या झाडांवर भुरी या बुरशीजन्य रोगाची पांढरी पूड दिसते, ती मात्र वाफ्यात वाळू न देता बाहेर काढणेच योग्य.

बी पडल्यानंतरची चूक म्हणजे त्या जागी पालापाचोळ्याचा जाड थर देणे. पॉपी, पिटुनिया, चिनी गुलाब यांचे धुळीइतके बारीक बी रुजण्यासाठी उजेड लागतो, त्यामुळे 5 ते 7 सेंटिमीटर आच्छादनाखाली ते उगवत नाही. खोल खणल्यानेही ताजे बी गाडले जाते. पॉपीचे गाडलेले बी अनेक वर्षे जिवंत राहते आणि पुन्हा माती हलवली की वर येते, हा अपवाद मला फार विलक्षण वाटतो. पण त्याच्या भरवशावर खणणे शहाणपणाचे नाही. माती वरवर खुरपावी आणि बारीक छिद्रांच्या झारीने पाणी द्यावे, कारण पाण्याच्या जोरदार धारेने बी वाहून एका कोपऱ्यात साचते.

सर्वाधिक नुकसान खुरपणीच्या वेळी होते. मी स्वतः सलग दोन हंगाम तेरड्याची रोपे तण समजून उपटली होती, म्हणून हे विशेष आग्रहाने सांगतो. जमिनीतून प्रथम येणारी दोन दले पाहून रोप ओळखणे कठीण असते. त्यानंतरची खरी पाने येईपर्यंत हात आवरावा. कॉसमॉसची खरी पाने बारीक चिरलेली आणि पिसासारखी असतात, झेंडूचे पान चुरडताच परिचित उग्र वास येतो, झिनियाची पाने समोरासमोर व खरखरीत असतात, तर तेरड्याचा दांडा पाणीदार आणि काहीसा पारदर्शक दिसतो. शंका असल्यास शेजारीच एका कुंडीत त्याच झाडाचे थोडे बी पेरावे, म्हणजे तुलनेसाठी खात्रीचे रोप हाताशी राहते.

रोपे ओळखता आली की विरळणीचा कंटाळा करू नये. दाटीत वाढलेली झाडे उंच, किडकिडीत होतात आणि हवा खेळत नसल्याने भुरीला बळी पडतात. झिनिया आणि कॉसमॉसच्या दोन रोपांत साधारण 30 सेंटिमीटर अंतर असावे. जास्तीची रोपे अन्यत्र लावता येतात, परंतु सोटमूळ असलेल्या पॉपीला स्थलांतर सोसत नाही. भरपूर शेणखतही देऊ नये. कॉसमॉस अशा मातीत पानांनी माजतो, लोळतो आणि फुले कमी देतो.

फुले पहिल्यासारखी आली नाहीत, तर वाण तपासावे. संकरित वाणाच्या बियांतून पुढच्या पिढीत निरनिराळे रंग आणि आकार निघतात. आफ्रिकन व फ्रेंच झेंडूच्या संकरातून निघालेल्या त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या) जाती तर वांझच असतात, तेव्हा त्यांच्याकडून बियांची वाट पाहणे व्यर्थ आहे. दरवर्षी बी धरायचे असल्यास सुरुवातीलाच सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण निवडावे आणि नको असलेल्या रंगाचे झाड पहिले फूल उमलताच काढावे, म्हणजे त्याचे पराग इतर झाडांवर जाणार नाहीत.