फ्लिक्सबसचं तिकीट काढताना बसथांबा नीट बघा

जर्मनीत शिकायला आलेल्या आपल्या मुलांना ही हिरवी बस लवकरच ओळखीची होते. 2013 मध्ये तिथला लांब पल्ल्याच्या बसचा बाजार खुला झाला आणि फ्लिक्सबस सुरू झाली. भाडं मागणीनुसार बदलतं, त्यामुळे तारीख पक्की असेल तर तिकीट लगेच काढून टाका. शुक्रवार-रविवारपेक्षा मधले वार बहुधा स्वस्त पडतात.

पण खरी गोची थांब्याची. तिकिटावर नुसतं ‘बर्लिन’ वाचून मुख्य रेल्वे स्टेशनवर जाऊ नका. बर्लिनचं मोठं बसस्थानक शहराच्या पश्चिमेला, मेस्से नॉर्ड स्टेशनजवळ आहे. म्युनिकचं हाकरब्र्यूकला, मुख्य स्टेशनपासून एस-बानने (म्हणजे तिथल्या लोकलने) एकच स्टेशन पुढे. एकाच शहरात दोन-तीन थांबे असू शकतात, म्हणून पूर्ण पत्ता आदल्या रात्रीच नकाशावर बघून ठेवा. पंधरा मिनिटं आधी पोहोचा. बस कुणासाठी थांबत नाही.

प्रागला किंवा पॅरिसला निघालात तर मूळ पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड जवळच ठेवा, डिकीतल्या बॅगेत अजिबात नको. सीमेवर पोलीस मध्यरात्रीही गाडीत चढून तपासतात, आणि मोबाईलमधला फोटो तिथे चालत नाही.