फिट आल्यावर या चुका टाळा: कांदा, किल्ली, चमचा आणि रिक्षाची घाई

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी सुपरवायझर आहे. काही वर्षांपूर्वी दुपारच्या पाळीत आमचा एक कामगार मागाशेजारी एकदम ताठ झाला आणि कोसळला. पुढच्या मिनिटाभरात आम्ही काय केलं? एकाने डब्यातला कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. दुसऱ्याने किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबला. दोघांनी पाय दाबून धरले. मी दातांत चमचा घातला. फिट थांबली तेव्हा त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता. आणि हातभर अंतरावरचा माग तसाच धडधडत होता. तो बंद करायचं एकालाही सुचलं नव्हतं.

ते मला अजून खुपतं. म्हणून नंतर मी हे नीट शिकून घेतलं.

कांद्यावर लोकांचा विश्वास का बसतो? बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. कांदा शोधून, फोडून, नाकाशी नेईपर्यंत तेवढा वेळ होतोच. फिट तिच्या वेळेने जाते आणि नाव कांद्याचं होतं. चप्पल, लोखंड, किल्ली यांचंही तेच. मेंदूतल्या पेशींमध्ये विजेचे संदेश एकदम, ताळतंत्र सोडून उसळतात म्हणून शरीर झटके देतं. नाकाशी धरलेल्या वासाने ते शांत होत नाहीत.

चमच्याची चूक सर्वांत वाईट, कारण ती मायेपोटी होते. ‘जीभ घशात जाईल’ ही भीती घरोघरी आहे, पण जीभ गिळली जात नाही. ती चावली जाऊ शकते, रक्त येतं, आणि ती जखम बहुधा आपसूक भरते. तुटलेला दात किंवा चमच्याचा तुकडा श्वासनलिकेत गेला तर मात्र जिवावर बेतू शकतं. बोट घातलंत तर तेही चावलं जाईल. पाणी नाही, रोजची गोळीही नाही. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात काहीच घालायचं नाही.

दाबून धरल्याने झटके थांबत नाहीत. खांदा निखळू शकतो, हाड मोडू शकतं. हात पकडण्याऐवजी भोवतालची जागा मोकळी करा. माग, पंखा, शेगडी बंद करा, स्टूल सरकवा, चष्मा काढा, गळ्याचं बटण सैल करा. डोक्याखाली टॉवेलची चौपदरी घडी सरकवा. सोलापुरात टॉवेल नाही असं घर आहे का? घडी पातळच हवी. जाड गुंडाळी करून डोकं उंच केलं तर हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वास अडू शकतो.

लगेच घड्याळ बघा. समोर माणूस तडफडत असताना एक मिनिट तासासारखं वाटतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका. एकाने मोठ्याने मिनिटं मोजावीत. पाच मिनिटं झाली तरी झटके चालूच असतील, किंवा शुद्ध न येता दुसरी फिट आली, तर रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. आयुष्यातली पहिलीच फिट असेल, बाई गरोदर असेल, मधुमेह असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा फिट पाण्यात आली असेल, तर पाच मिनिटांची वाटही बघू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात अंग भट्टीसारखं तापलेल्या माणसाला झटके आले तर तो उष्माघात असू शकतो. 108 ला फोन करून त्याला सावलीत घ्या, अंगावर ओला टॉवेल टाका, वारा घाला.

झटके चालू असताना रिक्षात कोंबून सिव्हिलला पळवायची घाई मी अनेकदा पाहिली आहे. दोघांच्या मध्ये बसवलेल्या माणसाची मान पुढे लटकते, लाळ बाहेर पडायला वाट राहत नाही. जमिनीवरच असू द्या.

झटके ओसरले की कुशीवर वळवा. हे वाचून जमत नाही, घरी चादर अंथरून भावाबहिणीवर करून बघा. शेजारी गुडघ्यावर बसा. आपल्या बाजूचा त्याचा हात काटकोनात बाहेर ठेवा. पलीकडचा हात ओढून त्याचा पंजा आपल्या बाजूच्या गालाखाली आणा. पलीकडचा गुडघा उभा करा आणि तोच धरून आपल्याकडे ओढा, अख्खं अंग वळतं. मग डोकं हलकेच मागे घ्या. जबडा आवळलेला असला तरी लाळ गालातून बाहेर येते, तो उघडायला जाऊ नका.

फिटमध्ये ओठ थोडे निळे पडतात, नंतर घोरल्यासारखा आवाज येतो. तेवढ्यावरून छाती दाबायला घेऊ नका. झटके थांबूनही श्वास सुरू झाला नाही, तर मात्र लगेच 108 ला फोन करा आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, सुरू करा.

सगळ्याच फिट कोसळवणाऱ्या नसतात. काहींमध्ये माणूस टक लावून बघतो, ओठ चाटतो, भरकटल्यासारखा चालू लागतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत असं कुणी दिसलं तर ‘दारू प्यायलाय’ म्हणून ढकलू नका, हातही करकचून धरू नका. सोबत चाला, रस्त्यापासून आणि पाण्यापासून अलगद दूर न्या.

शुद्धीवर येणाऱ्याला भोवती चाळीस डोळे दिसू नयेत. कपडे ओले झाले असतील तर कमरेवर चादर टाका, बाकीच्यांना पाठ फिरवून उभं राहायला सांगा. आमचा कामगार लग्न मोडेल या भीतीने आजार लपवत होता. 1999 साली हिंदू विवाह कायद्यातून लग्नाला अडथळा ठरणारा मिरगीचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख काढला गेला, तरी ही भीती घरांतून गेलेली नाही. त्याने लपवलं नसतं तर आम्ही त्याला मागावर उभंच केलं नसतं.

आता तो घडी-पॅकिंगला आहे, गोळ्या चुकवत नाही. तरी गेल्या महिन्यात जागरणानंतर पुन्हा फिट आली. या वेळी त्याच्या तोंडाजवळ कुणाचा हात गेला नाही. कुशीवर पडल्या पडल्या त्याने डोळे उघडले, थोड्या वेळाने मला ओळखलं आणि विचारलं, “किती वेळ होती, अण्णा?”

“एक मिनिट चाळीस सेकंद,” मी म्हणालो. डॉक्टरांना दाखवायच्या वहीत त्याने ते स्वतःच्या हाताने लिहिलं.