राउटरचे फर्मवेअर कसे बदलावे

वायफाय सुरक्षित करायचे म्हटले की पासवर्ड लांबलचक ठेवा आणि नेटवर्कचे नाव लपवा, एवढाच सल्ला मिळतो. परंतु बेल्जियमचे संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी २०१७ मध्ये उघड केलेला ‘क्रॅक’ हा दोष डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत, तिच्या जोडणीच्या रीतीतच होता. त्याचा फायदा घेणाऱ्याला पासवर्ड ठाऊक असावा लागत नाही, म्हणून पासवर्ड बदलून तो जातही नाही. २०२१ मध्ये त्यांनीच जाहीर केलेल्या ‘फ्रॅगअटॅक्स’मधील काही दोष तर १९९७ पासून वायफायमध्ये दडून होते. असे दोष सॉफ्टवेअर अद्ययावत करूनच मिटतात, आणि राउटरच्या आतले सॉफ्टवेअर म्हणजेच फर्मवेअर. हल्लेखोर नेटवर्कच्या टप्प्यात असावा लागतो हे खरे, परंतु आठवडी बाजाराच्या दिवशी सेवा केंद्राच्या ओट्यावर कोण टेकले आहे, हे कोणी पाहत नाही.

राउटरच्या लेबलवरील पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत जावे आणि ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदलावा. सुरक्षा डब्ल्यूपीए३, ती नसल्यास डब्ल्यूपीए२-एईएस ठेवावी. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिन किंवा बटणाने जोडण्याची सोय, बंद करावे; त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने तो जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे.

खरी अडचण फर्मवेअरची. ‘अपडेट तपासा’ या बटणावर विसंबू नये. कंपनीच्या संकेतस्थळावर नवी फाइल पडलेली असतानाही ते ‘अद्ययावत आहे’ असे सांगते, हे मी अनेकदा पाहिले आहे. लेबलवर मॉडेलच्या पुढे बारीक अक्षरांत हार्डवेअरची आवृत्ती छापलेली असते, व्ही२, व्ही३ अशी. नेमकी तीच आवृत्ती निवडून फाइल उतरवावी, कारण नाव एकच असले तरी आतली चिप निराळी असू शकते. झिप फाइल उघडून आतली बिन (.bin) फाइलच चढवावी, आणि तीही केबल जोडून. वायफायवरून मुळीच नको.

आपल्या विदर्भातल्या खेड्यांत याहून मोठा धोका विजेचा आहे. फाइल चढत असताना लाइन गेली, तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लाइन गेल्यावर तो सुरू होईपर्यंतच्या क्षणभरात राउटर बंद पडून पुन्हा चालू होऊ शकतो, आणि तेवढा झटका पुरेसा असतो. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावावा, मात्र त्याचे व्होल्ट ॲडॅप्टरवर छापलेल्या आकड्याशी जुळवून घ्यावेत. मृगाच्या तोंडावर आभाळ भरून आले असेल, तर हे काम सरळ दुसऱ्या दिवसावर ढकलावे. फाइल चढवल्यावर राउटरचे दिवे स्थिर होईपर्यंत त्याच्या बटणाला हात लावू नये.

केबलवाल्याने दिलेल्या इंटरनेटच्या डब्यात बहुतेकदा फर्मवेअर बदलण्याचा पर्यायच दिसत नाही. विचारल्यावर आमच्याकडच्या माणसाने ‘काही होत नाही जी’ म्हणून विषय संपवला होता. अशा वेळी त्या डब्याचे वायफाय बंद करून मागे स्वतःचा राउटर जोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फर्मवेअर बदलल्यावर डब्ल्यूपीएस पुन्हा चालू झाले नाही ना, हे तपासावे. ‘क्रॅक’ची मुख्य दुरुस्ती फोन व लॅपटॉपच्या बाजूने होते, तेव्हा तेही अद्ययावत करावेत. ज्या जुन्या फोनला किंवा कॅमेऱ्याला आता अपडेट येतच नाहीत, त्याला गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरमधल्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर टाकावे आणि त्या फोनवरून बँकेचे व्यवहार करू नयेत.