व्ही-क्रॉस पिकअपला घरच्या घरी दोन इंचांची सस्पेन्शन लिफ्ट बसवताना

इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स किंवा अशाच बांधणीच्या कोणत्याही फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला पुढे डबल विशबोनवर (म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या वरच्या आणि खालच्या दोन आर्मवर) कॉइल स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरची एकत्र जुळणी असते, तर मागे सरळ एक्सलवर कमानपाटे असतात. या दोन्ही टोकांना उंची वाढवण्याची रीत वेगळी असल्याने पुढचे आणि मागचे काम दोन स्वतंत्र कामे मानून दोन दिवसांत विभागावे, असे माझे मत आहे. थकलेल्या हातांनी संध्याकाळी उरकलेले यू-बोल्ट, म्हणजे कमानपाटे एक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट, पुढे त्रास देतात.

सामान मागवण्यापूर्वी कायद्याकडे पाहणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात या तरतुदीचा अर्थ कडकपणे लावला आहे. म्हणून आपल्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारणा करावी व मिळालेले उत्तर लेखी स्वरूपात जपून ठेवावे. वॉरंटी शिल्लक असलेल्या गाडीच्या मालकाने हा विचार अधिकच गंभीरपणे करावा.

लिफ्टने नेमके काय साधते, याबद्दल बराच गैरसमज आढळतो. सस्पेन्शन उचलल्याने चेसिस, बंपर आणि पायदान जमिनीपासून वर जातात, त्यामुळे चढाच्या सुरुवातीला नाक घासत नाही आणि दगडांच्या वाटेवर पोट टेकत नाही. परंतु मागच्या एक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा मात्र होता तिथेच राहतो, कारण त्याची उंची फक्त टायरच्या त्रिज्येवर ठरते. २५५/६० आर १८ ऐवजी २६५/६० आर १८ मापाचा टायर घातला, तर व्यास सुमारे १२ मिलिमीटरने वाढतो आणि गोळ्याखाली केवळ ६ मिलिमीटर मिळतात. हा हिशेब आधी समजला तर चार इंच उचलण्याचा मोह बहुधा आपोआप ओसरतो. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये साधारण ४० ते ५० मिलिमीटरच्या पुढे गेले की चाकाला शक्ती नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (वळणाऱ्या सांध्याचा) कोन तीव्र होतो, वरचा आर्म खाली झुकून त्याच्या टोकाचा गोल सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, आपल्या मर्यादेला टेकू लागतो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) इतका घटतो की अलाइनमेंटमध्ये, म्हणजे चाकांचे कोन जुळवताना, तो परत मिळवणे कठीण जाते. त्याहून जास्त उंचीसाठी वेगळे अप्पर आर्म आणि पुढचा डिफरन्शियल खाली घेणारे ब्रॅकेट लागतात. ते काम घरचे नव्हे.

किटची निवड गाडीवर कायम किती वजन असते त्यावरून करावी. लोखंडी बंपर आणि विंच असलेल्या गाडीसाठी बनवलेली कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली, तर नाक अपेक्षेपेक्षा जास्त वर जाते आणि गाडी खड्ड्यांत उड्या मारते. पुढे फक्त स्पेसर (शॉकअबच्या माथ्यावर ठेवायची जाड चकती) टाकून उंची मिळवणारे स्वस्त किटही बाजारात आहेत. शॉकअब लोअर आर्मवर टोकाच्या बरेच आत बसलेला असल्याने वर घातलेल्या एका इंचाच्या स्पेसरने चाकापाशी त्यापेक्षा बरीच जास्त उंची येते. मात्र शॉकअबची लांबी मूळचीच राहते आणि त्याचा प्रवास नव्या उंचीशी जुळत नाही, म्हणून स्प्रिंग व शॉकअब एकत्र बदलणारे किटच घ्यावे. स्प्रिंग दाबून नव्या शॉकअबवर चढवण्याचे काम योग्य यंत्र असलेल्या गॅरेजमधून करून घेऊन तयार जुळणीच घरी आणावी. दाबलेली कॉइल सुटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो आणि येथे काटकसरीला जागा नाही.

कामासाठी सपाट काँक्रीटची जमीन, गाडीच्या वजनाला पुरेसा ट्रॉली जॅक, चेसिसखाली लावण्यासाठी चार मजबूत स्टँड, टॉर्क रेंच, गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल आणि एक मदतनीस एवढे तरी हवेच. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ वापरलेल्या गाडीचे बोल्ट खाऱ्या हवेने धरलेले असतात, त्यामुळे आदल्या दोन-तीन दिवसांपासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारत राहावे. सुरुवातीला चारही चाकांच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे, कारण शेवटी उंची खरोखर किती वाढली आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे त्यावरूनच कळते.

पुढच्या कामात गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट थोडे ढिले करावेत, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावावेत, आणि मग गाडी उचलून चेसिसखाली स्टँड द्यावेत. जॅकवर उभ्या गाडीखाली क्षणभरही जाऊ नये. चाके काढल्यावर दोन्ही बाजूंचे आर्म जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारचे लिंक दोन्ही बाजूंनी सोडवावेत, म्हणजे एका बाजूचा आर्म दुसऱ्या बाजूच्या ताणाविना खाली येतो. ब्रेकच्या होजचे आणि एबीएसच्या वायरचे क्लॅम्पही सोडवावेत. वरच्या बॉल जॉइंटची स्प्लिट पिन काढून नट काही आटे ढिला करावा, पण पूर्ण काढू नये. नकलच्या, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या, कडेला हातोडीचे नेमके ठोके दिले की बॉल जॉइंटचा घट्ट बसलेला निमुळता दांडा (टेपर) सुटतो आणि सैल नटामुळे नकल अंगावर कोसळत नाही. त्यानंतर नकल तारेने चेसिसला बांधून ठेवावा. तो बाहेरच्या बाजूला लोंबला, तर आतला सीव्ही जॉइंट सुटू शकतो आणि होजवर वजन येते.

शॉकअबच्या माथ्यावर कडेला असलेले नटच काढावेत. मधल्या मोठ्या नटाला पाना लावू नये, कारण संपूर्ण स्प्रिंगचा दाब त्याच्यावरच असतो. खालचा बोल्ट काढल्यावर जुनी जुळणी बाहेर येते. नवी जुळणी आधी वर हाताने नट लावून टांगावी आणि मग लोअर आर्म जॅकने हळूहळू वर आणत खालचे भोक जुळवावे. बॉल जॉइंटला नवीन स्प्लिट पिन घालावी.

मागे दोन्ही पाटे एकाच वेळी सोडवू नयेत. चेसिसखाली स्टँड देऊन एक्सलला वेगळ्या जॅकचा आधार द्यावा, शॉकअब काढावा, यू-बोल्ट सोडवावेत आणि एक्सल थोडा खाली घ्यावा. मग शॅकल (पाट्याचे मागचे टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी) व पुढच्या डोळ्याचा, म्हणजे पाट्याच्या गोल टोकाचा, बोल्ट काढून पाटा दोघांनी मिळून उतरवावा. एक्सल खाली घेताना ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल आणि डिफरन्शियलची ब्रीदर (हवा जाण्याची) नळी ताणली जात नाही ना, हे मदतनिसाने सतत पाहावे.

नवा पाटा ठेवताना सेंटर बोल्टचे गोल डोके एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात पूर्ण बसले आहे, हे बोटाने चाचपून पाहावे. ते कडेवर टेकलेले असतानाच यू-बोल्ट आवळले, तर एक्सल तिरका राहतो आणि गाडी सरळ रस्त्यावर तिरपी चालते. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असल्याने ते पुन्हा वापरू नयेत. नवे आवळताना कोनाकोनी, थोडे थोडे आवळत जावे आणि चारही टोकांना नटाबाहेर सारखेच आटे दिसतात का ते पाहावे.

रबरी बुशचे (सांध्यांतील रबरी नळ्यांचे) सर्व बोल्ट, म्हणजे पाट्यांचे डोळे, शॅकल आणि सैल केलेले आर्मचे बोल्ट, गाडी हवेत असताना अंतिम आवळायचे नाहीत. तसे केले तर गाडी खाली उतरताच बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात, उंची चुकीची दिसते आणि काही महिन्यांत रबर फाटते. चाके लावून गाडी जमिनीवर आणावी, ती हलवून थोडी पुढे-मागे न्यावी आणि मगच मॅन्युअलमधील टॉर्कप्रमाणे हे बोल्ट आवळावेत. प्रत्येक आवळलेल्या नटावर रंगाची रेघ मारून ठेवली, तर नंतर तो फिरला की नाही हे एका नजरेत कळते.

रस्त्यावर नेण्याआधी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर आणि होज कुठे घासत नाहीत याची खात्री करावी. त्यानंतर पहिली फेरी थेट अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत, सावकाश. तेथे कॅस्टर, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि टो (चाकांची तोंडे आत-बाहेर वळलेली असणे) तिन्ही मोजून घ्यावेत. केवळ टो पाहणाऱ्या दुकानात या कामाला जाऊ नये. हेडलाइटचा झोत खाली आणावा, अन्यथा घाटात समोरून येणाऱ्यांचे डोळे दिपतात. मागच्या एक्सलला जोडलेला वजनानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह ज्या गाड्यांत असतो, त्यांत त्याची कांडी नव्या उंचीला जुळवून घेणे विसरू नये. अन्यथा तो व्हॉल्व्ह वाढलेली उंची म्हणजे रिकामी गाडी असे समजतो आणि भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. वेगात थरथर जाणवली, तर मागच्या एक्सलला शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन तपासून पाट्याखाली पाचर घालावी लागते. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्टसह सर्व बोल्ट टॉर्क रेंचने तपासावेत. पाटे बसत जातात तसे यू-बोल्ट हमखास थोडे ढिले होतात.